दोराचे पेड

दोर एकदम तुटला असं आपण म्हणतो. पण तो आतल्या आत कधीचा तुटत आलेला असतो. आपल्याला दिसतो तो फक्त शेवट.

आमच्या सातपाटीला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्याआधी होड्या वर ओढायच्या. आम्ही भातशेतीवाले, पण हात कमी पडले की बंदरावर जायचो. ताणलेल्या दोरातून बारीक कट्कट् आवाज आला की म्हातारा तांडेल ओरडायचा, "पोरांनो, दोरासमोरून बाजूला व्हा!" नायलॉनचा दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो.

मी दहावी शिकलेला. या कट्कटीचंही गणित आहे, हे पुतण्यानं सांगितलं. १९२६ साली इंग्लंडात पीअर्सनं सुताच्या ताकदीचा अभ्यास केला, १९४५ साली डॅनियल्सनं धाग्यांच्या जुडीचं गणित मांडलं. सगळे धागे सारखे नसतात. कच्चा आधी तुटतो, त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. भार सगळ्यांनी वाटून घेतला तर दोर तग धरतो. नुसत्या शेजाऱ्यांवरच पडला तर ते पटापट जातात, नि दोर फारशी खबर न देता तुटतो.

जमिनीतला खडकही असाच ताणाखाली मोडतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, धक्के सुरू झाले. लोक थंडीत घराबाहेर झोपले. माझी भाची तिकडेच दिलेली. तिनं विचारलं, "मामा, एवढे धक्के बसले, आता जमिनीचा जोर संपला असेल ना?"

तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणणं सोपं होतं. पण मापावर एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. पाचच्या एका धक्क्याएवढी ऊर्जा निघायला तीनचे हजारभर धक्के लागतात. लहान धक्क्यांनी जोर संपत नाही. मोठा येईलच असंही नाही, आणि आला तर कधी, हे कुणी सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "बाय, तारीख विचारू नको, भिंत बघ." ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसं गेली. आपल्याकडचं कारवीच्या कुडाचं घर हलकं; हादऱ्यानं डुलतं, पडलं तरी जीव वाचायची आशा जास्त.

तिनं जड भिंतीकडची पोरांची अंथरुणं त्याच रात्री कुडाच्या पडवीत हलवली.