वळणारं टोक

आफ्रिकन नखबेडकाच्या भ्रूणातली चेतापेशी प्रयोगशाळेत फारसे लाड मागत नाही. अंड्यातल्या बलकाची शिदोरी तिच्या पोटातच असते, त्यामुळे साध्या क्षारद्रावणात, खोलीच्या तापमानालाही ती तंतू फोडते. तंतूच्या टोकाशी सतत चाचपडणारा, पसरट वाढशंकू असतो. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात तो ओळखला, पण त्यांच्यापुढे होती ती रंगवलेली, निश्चल पेशी.

आजच्या प्रयोगकर्त्याला तो वळताना पाहायचा असतो. त्यासाठी अतिसूक्ष्म तोंडाची काचनळी शंकूपासून १०० मायक्रोमीटरवर, वाढीच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन साधून ठेवायची. नळीतून नेट्रिनसारखं मार्गदर्शक प्रथिन झिरपू द्यायचं आणि तासाभराने कोन मोजायचा. तेवढ्यात ५ मायक्रोमीटरही न सरकलेला शंकू हिशेबात धरत नाहीत. जो चाललाच नाही, त्याच्या वळण्याचं काय सांगणार?

वळणाआधी आत कॅल्शियम हलतं. पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं, त्यामुळे पटलातले मार्ग क्षणभर उघडले तरी आतली पातळी झपकन चढते. ही चढउतार दाखवणारं फ्युरा-२ हे रंगद्रव्य रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दिलं. कसब लागतं ते इथे. प्रकाश वाढवला तर चित्र स्वच्छ येतं, पण पेशी होरपळते. रंगद्रव्य जास्त झालं तर तेच कॅल्शियमला धरून ठेवतं आणि मोजायची लाट दबते. म्हणून मुरलेला हात खरखरीत चित्रावर भागवतो.

२००० मध्ये जेम्स झेंग यांनी मार्गदर्शक प्रथिनालाच फाटा दिला. बांधून ठेवलेलं कॅल्शियम त्यांनी लेझरने शंकूच्या एकाच बाजूला मोकळं केलं. शंकू त्याच बाजूला वळला. मग बाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून तोच झोत दिला.

शंकू उलट दिशेला गेला!

पुढे २००४ मध्ये उलगडा झाला: स्थानिक पातळी बरीच चढली तर कॅमकेटू हे विकर शंकूला त्या बाजूला ओढतं, थोडीच चढली तर कॅल्सिन्युरिन त्याला दूर लोटतं. थोडी की बरीच, हे ठरवायचं तर मुळातली पातळी ठाऊक हवी. म्हणूनच जाणकार नळी जवळ आणण्याआधी शांत शंकूचीही नोंद घेतो आणि दुसऱ्याचा निबंध वाचताना, वळणाच्या आलेखाआधी, द्रावणात कॅल्शियम किती होतं ते शोधतो.