दार रुंद करण्यापूर्वी

आमच्या देवळाच्या अग्रशाळेचा जीर्णोद्धार व्हावयाचा आहे. स्थपतींनी तिची संगणकीय प्रतिकृती 'आयएफसी' पद्धतीच्या फाईलीत पाठविली. निरनिराळ्या प्रणालींना परस्परांची भाषा कळावी म्हणून सिद्ध झालेल्या या पद्धतीस २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता लाभली. ती फाईल मी 'ब्लेंडर'ला जोडावयाच्या 'बोन्साय' या विनामूल्य साधनाने उघडली. वंशावळच पुढे उलगडावी तसे झाले: प्रकल्प, जागा, इमारत, मजला, आणि मजल्याच्या पोटी भिंती, दारे, खिडक्या. प्रत्येकाची २२ अक्षरांची ओळखखूण स्वतंत्र.

स्नानगृहाच्या दारावर टिचकी मारली, तो रुंदी अवघी ७५० मिलिमीटर! चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या वृद्ध भाविकाने आत जावे कसे? नकाशाच्या गुंडाळीत ही गोष्ट आम्हां महाजनांपैकी किती जणांच्या ध्यानी आली असती?

साधनात दुरुस्तीचीही मुभा आहे. परंतु विवेक हवा तो येथेच. दाराच्या रुंदीची नोंद आणि दाराची आकृती या फाईलीत वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. नोंदीतला आकडा तेवढा ९०० केला, तर कागदोपत्री दार रुंद होते. आकृती अरुंदच राहते. पुढे गवंड्याने कोणावर विश्वास ठेवावा? म्हणून मूळ फाईल अबाधित ठेवून मी ओळखखुणेसह स्थपतींना कळविले. त्यांनी दार आणि लगतची भिंत, दोन्ही बदलली.

पाहण्याचा अधिकार सर्वांस असावा. बदलण्याचा मात्र, ज्याच्या शिरी वास्तूचा भार त्यासच. चिरा बसण्यापूर्वी हे घडले, हेच समाधान.