गणपतीतला चिखल

माशांच्या टाकीत माती कोणती वापरता, असं कोणी विचारलं की मी वाळूविषयी बोलायला लागायचो. खाडीची घेऊ नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी जड होत जातं. क्रशरची घेऊ नका, तिची भुकटी खाली बसता बसत नाही. नदीची घ्या, चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन. तिथून मी उजेडाकडे वळायचो. दिवा सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधे टाकीला वामकुक्षी, म्हणजे दुपारी पाण्यात कार्बन डायॉक्साइड पुन्हा साठतो. विचारणारा खूश होऊन जायचा. मातीचा विषय निघालेलाच नसायचा.

डोंबिवली-ठाण्यात माझ्या हातच्या बऱ्याच टाक्या आहेत. साध्या, 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. बहुतेकांना फिल्टर नाही, कार्बन डायॉक्साइडचा सिलिंडर कुठेच नाही. उडालेलं पाणी भरायचं, क्रिप्ट या पाणवनस्पतीची पिवळी पानं खुडायची, माशांना चिमूटभर खाणं टाकायचं, झालं. काही टाक्यांचे मालक परदेशी मुलाकडे राहून परत आले तरी टाकी होती तशीच. ‘यांच्या हाताला गुण आहे,’ असं लोक म्हणायचे. मी त्यांना म्हणू द्यायचो.

माती मामांच्या खाचरातली होती. देवरुखजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, वरून झिरपणारं पाणी धरून ठेवणारं भाताचं खाचर. गणपतीला गावी गेलो की विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला बसून, लोंबीवर आलेल्या भाताला धक्का न लावता कोपऱ्यातला चिखल घमेल्याने उपसायचा, दोन पिशव्या एकात एक घालून बांधायचा आणि परतीच्या गाडीत सीटखाली ढकलायचा. बाकीचे चाकरमानी काकड्या-पडवळं घेऊन येत, माझ्या पिशवीतून तांबडं पाणी गळत असे. मामा म्हणायचे, मुंबईत माती संपली काय रे? मामी त्यांना गप्प करायची. माती नेणाऱ्याला हसू नये, असा काहीतरी तिचा समज होता.

मामा गेले आणि वर्षभरात मुलांनी खाचर विकलं. आता तिथे मुरुमाचा भराव आहे, खुणेचे दगड आहेत आणि बंगल्यांचे प्लॉट पाडल्याची पाटी आहे. माझ्याकडे अर्ध्या पिंपापेक्षा कमी चिखल उरला होता.

याच सुमारास आमच्या इमारतीतली एक मुलगी शिकायला येऊ लागली. बँकेत नोकरी, घरी यायला रात्रीचे आठ. ‘काका, मला अशी टाकी हवी की तिचं काही करावं लागू नये.’ नवखी माणसं हेच मागतात आणि दुकानदार त्यांना याच्या नेमकं उलटं विकतो. तिला मी वाळू सांगितली, उजेड सांगितला, पहिल्या दिवसापासून दाट लावायला सांगितलं. ती म्हणाली, ‘आणि खाली माती कुठली?’ मी पुन्हा वाळूकडे वळलो. ती म्हणाली, ‘वाळूचं झालं सांगून.’

दुकानदारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कमी देखभालीची टाकी दुकानाला परवडत नाही. एकदा बसली की गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून मग खताच्या बाटल्या, शेवाळ मारायचं औषध, महिन्याचं कंत्राट. तरुण मंडळींचं वेगळंच. त्यांना जपानी भाजलेल्या मातीचे गोळे लागतात, गॅस लागतो आणि डोळ्यांत खुपेल इतका उजेड लागतो. सगळं ताकाशी अमानोच्या नावावर. अमानोबद्दल मला आदर आहे. आधी सायकलशर्यतींत उतरणारा, मग फोटोग्राफर झालेला हा माणूस. पाण्याखाली निसर्गचित्र उभं करायची नजर त्याने जगाला दिली. 2015 मध्ये, मरणाआधी काही महिने, लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने 40 मीटर लांबीची टाकी लावली. पण त्याच्या टाक्यांमागे कात्री घेऊन रोज उभे असलेले हात फोटोत येत नाहीत, आणि ते हात डोंबिवलीतल्या नोकरदाराकडे नसतात. माझ्या बोलण्यात जळजळ आहे हे मान्य. या तरुणांच्या टाक्यांचे फोटो भिंतीवर लावण्याजोगे येतात. माझ्या टाकीचा काढला तर हिरवा अंधार येतो आणि कोपऱ्यात एक गप्पी.

मातीची टाकी ही काही माझी युक्ती नव्हे. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड बाईंनी 1999 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. इंचभर माती, वर इंचभर वाळू, भरपूर झाडं. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया पाणवनस्पती थेट उचलतात, म्हणजे झाडं हाच फिल्टर. इथपर्यंत कोणालाही पटतं. अडतं ते मातीपाशी. बाईंची माती दुकानातल्या पिशवीतली, कुंड्यांची. आपल्याकडच्या नर्सरीची पिशवी म्हणजे तांबडी माती आणि हात सैल सोडून घातलेलं शेणखत. ती टाकीत घातली की आठवड्यात पाणी हिरवं, तळातून बुडबुडे, आणि काडी खुपसली की सडक्या अंड्याचा वास. देशावरच्या लोकांनी काळी माती वापरून पाहिलेली आहे. ती फुगते, वाळूतून वर येते, पाणी गढूळ ते गढूळच. शाडूचा तर विषय काढू नये, तिच्यात झाडाच्या पोटाला काही नसतं.

मामांच्या मातीने यातलं काहीच केलं नाही. का नाही केलं, याचा मी कधी विचारही केला नव्हता. कोकणची माती, जांभ्याची, आपल्या माणसांची, एवढं उत्तर मला पुरत होतं. पण त्यातही एक खुपणारी गोष्ट होती. एखाद्या वर्षी गणपतीत जमलं नाही म्हणून मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत, त्याच खाचरातली माती आणली, तर तिच्या टाक्या बिघडायच्या. ढेकळं फोडून, चाळून, इतकी देखणी माती असायची ती! तरी पाणी हिरवं व्हायचं, गोगलगायी कडेला चढून बसायच्या. त्या टाक्यांचा दोष मी खिडकीला दिला, गिऱ्हाइकाला दिला, एकदा कोलकात्याहून आलेल्या माशांनाही दिला.

खाचर गेल्यावर मात्र डोकं त्यातच अडकलं. एकच शेत, एकच कोपरा, मग मे आणि भाद्रपद यांत फरक का? शेवटी उत्तर मिळालं ते भातशेतीवाल्यांकडे, मासेवाल्यांकडे नाही. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नंपेरुमा नावाचे श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ होते. पाण्याखाली गेलेल्या मातीचं काय होतं यावर त्यांनी 1972 मध्ये सविस्तर लिहून ठेवलं आहे. माती बुडाली की दिवसा-दोन दिवसांत तिच्यातला प्राणवायू संपतो. मग जिवाणू एकेका गोष्टीवर गुजराण करतात: आधी नायट्रेट, मग मँगेनीज, मग लोह, मग सल्फेट, शेवटी मिथेनपर्यंत. या काळात अमोनिया सुटतो, आम्लता हलते, आणि काही आठवड्यांनी माती आम्लधर्मी असो की अल्कधर्मी, दोन्हींचा सामू सातच्या आसपास येऊन स्थिरावतो. आधी कडकडीत वाळलेली माती भिजली तर अमोनियाचा लोंढा आणखी मोठा. मे महिन्यातलं माझं देखणं ढेकूळ हा सगळा धिंगाणा गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात घालत होतं. भाद्रपदातल्या चिखलाचा धिंगाणा आषाढातच, चिखलणीनंतर, मामांच्या शेतात घालून झालेला असायचा.

आणि लोह. कोकणच्या मातीत ते मुबलक, म्हणून तळाशी सल्फाइड तयार झालं तरी लोह त्याला धरून काळं करून ठेवतं, वास पाण्यात येत नाही. काचेतून वाळूखाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्याला घाबरून लोक टाकी मोडतात. तो काळा पट्टा म्हणजे सापडलेला चोर आहे.

म्हणजे माझ्या हाताचा गुण असा, की मला रजा गणपतीत मिळायची.

हे कळल्यावर गॅलरीत बादल्या मांडल्या. नर्सरीची तांबडी माती, शेणखत शक्य तेवढं निवडून. बांधकामावरून आणलेला चिऱ्याचा चुरा, लोहासाठी. पाणी घालून हाताने चिखलणी केली, बादलीभर, कोपरापर्यंत. वर चार बोटं पाणी, त्यावर डासांसाठी जुन्या साडीचं फडकं. आरोग्य खात्याची बाई फवारणीच्या दिवसांत आली तेव्हा बादल्या ओतून द्यायला निघाली होती, तिला फडकं उचलून दाखवावं लागलं. घरात वासाबद्दल जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आणि तरी जमेना. आठवडे गेले, अमोनिया उतरायचा, पण मामांच्या चिखलाइतका कधीच नाही. वास कमी व्हायचा, काठी फिरवली की परत. जांभ्यातलं लोह घट्ट बसलेलं असतं, सहजी सुटत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. चुरा वाढवला. माती बदलली. एक बादली उन्हात वाळवून परत भिजवली, वाळवून परत भिजवली. पलीकडचे अमेरिकन हौशी लोक करतात तसं. बरी झाली, पण तीही नेमकी नाही. चिखल बोटांत घेतला की कळायचं. मामांचा लोण्यासारखा उतरायचा, माझा बोटाला चिकटून राहायचा. रात्री उठून मी बादल्यांचा वास घ्यायला जायचो, हे बायकोने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलेलं आहे.

त्या मुलीला तोवर मी सगळं सांगून बसलो होतो. ठरवून नाही. बादल्यांपाशी माणूस किती वेळ वाळूविषयी बोलणार? तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, पण शेतात भात होता ना?’

मी म्हटलं, होता की.

‘मग बादलीत भात कुठाय?’

इतकी वर्षं त्या लोंब्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चिखल उपसला, आणि त्या तिथे काय करतायत हे माझ्या ध्यानात आलं नाही. भाताची मुळं पाण्याखालच्या मातीत प्राणवायू सोडतात, मुळांभोवती गंजाचं तांबूस अस्तर चढतं, तेही मी रोप उपटताना पाहिलेलं. अमोनिया तर भाताचं खाणंच. मी सगळी माती मामांची केली होती आणि मामांनी लावलेलं पीक तेवढं गाळलं होतं.

गावाहून थोडी साळ मागवली. चुलतभावाला वाटलं सत्यनारायणाला हवी असेल. रोपं काढून बादल्यांत लावली. गॅलरीत ऊन अर्धा दिवस, त्यामुळे भात लंगडाच, लोंबी येते-न येते. पण रोपं वीतभर झाली तसा अमोनिया खाली आला, बुडबुडे विरळ झाले. रोप उपटलं तर मुळं गंजलेली, आणि मुळांना लागलेला चिखल बोटातून उतरला. नेमका तो नाही. चालेल असा.

पहिला चिखल तिच्याच टाकीत गेला. वर धुतलेली वाळू, मागे व्हॅलिसनेरिया, पुढे क्रिप्ट, कोपऱ्यात ओंडक्याला बांधलेला जावा फर्न, वर थोडं हॉर्नवर्ट. क्रिप्टची पानं पहिल्या पंधरवड्यात वितळली, तेव्हा तिचा रात्री अकराला फोन. हात लावू नकोस, मुळं शाबूत आहेत, म्हटलं. मुळं होतीच. गंमत म्हणजे क्रिप्टचा एक प्रकार, स्पायरालिस, पश्चिम घाटाच्या उताराला भातखाचरांतही उगवतो. मामांच्या बांधावर तो होता की नव्हता, मी कधी पाहिलं नाही. मी चिखलात बघत होतो.

तिची टाकी आज माझ्या घरच्या टाकीपेक्षा चांगली आहे. माझ्या टाकीत मामांचा शेवटचा चिखल आहे, जपून, पातळ थर देऊन घातलेला, आणि तिच्यात बादलीतला. मी जाऊन बारकाईने शेवाळ शोधलं. काचेच्या एका कोपऱ्यात थोडं सापडलं तेव्हा बरं वाटलं.

आता ती चिखल वाटत सुटली आहे. बँकेतल्या तिघांना दिला, चौथ्याला बादली आणि साळ दिली, कृती सांगितली, कोणी विचारायच्या आधी. माझ्या पिंपावर तिने मार्करने मोठ्या अक्षरांत ‘काकांची माती’ लिहून ठेवलंय. खरं तर तिथे मामांचं नाव हवं, किंवा तिचं. मार्कर पिंपावरच ठेवलेला आहे. मी अजून हात लावलेला नाही.