भिंतीवरचा डाग

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा खचतो आहे आणि घरातला कर्ता पुरुष नुकताच गेला आहे. त्यातला एक प्रवेश आम्ही महाविद्यालयात बसवीत होतो. सभागृहाच्या तैलरंगातल्या भिंती जशाच्या तशा परत करावयाच्या होत्या. म्हणून पाण्यात कालवलेली मुलतानी माती आणि थोडी काव, सरस मुळीच नाही.

विद्यार्थ्यांनी ती सर्वत्र सारखी फासली. भिंत मळकी झाली, जुनी मात्र होईना. जुनेपणाला कारण लागते, हे आम्ही सांगू लागलो: खिडकीखाली ओघळ, कडीपाशी बोटे, काढलेल्या तसबिरीमागे स्वच्छ चौकोन.

“सर, डोकं टेकल्याचा डाग किती उंचीवर?” एकाने विचारले.

आमचा हात आपोआप एका जागी गेला. तेवढ्याच उंचीवर, घरी, वडील वर्तमानपत्र वाचीत टेकून बसत. ते गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी आम्ही घर रंगवून घेतले होते.

प्रयोगानंतर ओल्या फडक्याने तो डाग क्षणात निघाला. घरच्या डागाला रंगाचे दोन हात लागले होते.