पहिल्या तासाला पेंगणारी मुलं

सकाळच्या सत्रात शिकवणाऱ्या बाईंचं एक मत ठाम असतं : पहिल्या तासाला पेंगणारं पोर रात्री मोबाइलवर होतं. त्यात ते अंगानं जाड असलं तर निकाल आणखी झटपट. खातो, लोळतो, दुसरं काय! नाशिकच्या शाळेत मीही हेच मत घेऊन वावरले. ‘पहाटे जॉगिंग ट्रॅकवर पाठवा त्याला,’ असं पालकसभेत सांगायचे. आता सांगत नाही.

माझा दहावीतला भाचा परीक्षेआधी आमच्याकडे राहायला आला होता. गंगापूर रोडवरचा क्लास आमच्या घरून जवळ. तो घोरायचा. आमच्या घराण्यात घोरणं म्हणजे गाढ झोप, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. एका रात्री मात्र त्याच्या खोलीपाशी थबकले. घोरणं एकदम बंद पडलं. छाती-पोट ओढ घेत होतं, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. मग गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास, अंगाला झटका, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, जानेवारीच्या थंडीत उशी घामानं ओली. सकाळी विचारलं तर म्हणाला, ‘‘मावशी, मी तर रात्रभर झोपलो होतो!’’ खोटं नव्हता बोलत. असं क्षणभर जागं होणं सकाळी आठवत नाही.

पुढे स्लीप स्टडी झाली : डोक्याला तारा, छातीला नि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. श्वास किती वेळा अडतो ते त्यात मोजतात. मोठ्यांमध्ये तासाला पाचपर्यंत चालवून घेतात. लहान मुलांत एकाहून जास्त झालं तरी डॉक्टर सावध होतात.

पण माझं मत खरं फिरलं ते हार्मोनचं वेळापत्रक समजून घेतल्यावर. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनचा कारभार उलटा, ते रात्री चढतं. ग्रोथ हार्मोनचा मोठा हप्ता पहिल्या गाढ झोपेत सुटतो. सकाळी एकदाच रक्त घेऊन ही लय कळत नाही, म्हणून संशोधक मुलांना दिवसातून अनेकदा कापसाची छोटी वळकटी चघळायला देतात. कॉर्टिसॉल आणि मेलॅटोनिन दोन्ही लाळेत मोजता येतात.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू खडबडून उठतो, ॲड्रिनलिनसारखी रसायनं उसळतात आणि झोपेचे तुकडे पडतात. कॉर्टिसॉलच्या लयीवर याचा काय परिणाम होतो, याबाबत अभ्यासांचं एकमत नाही. भुकेचं गणित मात्र जास्त स्पष्ट आहे. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन चरबीतूनच येतं. ते 1994 मध्ये सापडलं. जाड मुलांच्या रक्तात ते भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देत नाही. त्यात झोप अपुरी पडली की भूक आणखी चाळवते. म्हणजे गळ्याभोवतीची चरबी श्वास अडवते, मोडलेली झोप खायला लावते, आणि आम्ही त्या पोराला म्हणतो, मनावर घे!

अंगानं फार जाड न दिसणाऱ्या मुलाच्या घोरण्याकडेही काणाडोळा नको. आपल्याकडे कमी वजनाच्या बाळांतही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं आहे.

शाळेच्या वेळेबद्दलही मत बदललं. सकाळचं सत्र मला आवडायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी सोय होती. दुपार मोकळी मिळायची. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. चांगलंच झालं. पण चिमुकली मुलं तशीही पहाटे उठून बसतात. वयात येताना मेलॅटोनिन तास-दोन तास उशिरा चढू लागतं, आणि नेमकी तीच आठवी-नववी-दहावीची मुलं सातच्या घंटेला दप्तर घेऊन उभी! कॅलिफोर्नियात 2022 पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. नाशिकमध्ये हा विषय काढला की रिक्षा-बसच्या फेऱ्या आणि क्लासच्या वेळा पुढे केल्या जातात.

भाच्याच्या श्वासाची वाट अडवणारे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले. घोरणं खूप कमी झालं, पुरतं गेलं नाही. जाड मुलांत बऱ्याचदा असंच होतं. काहींना रात्री हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागतं. वजन अजून उतरायचं आहे, पण आता तो दिवसा जागा असतो.

तुमचं मूल आठवड्यातल्या तीन-चार रात्री घोरत असेल, मध्येच श्वास थांबत असेल, तर त्याला उठवण्याआधी मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. डाएटचा तक्ता त्यानंतर.