सेलूला न उतरता

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून वर्ध्याची लालपरी सुटली, तेव्हा दादा खिडकीशी बसला होता. माझा हा मावसभाऊ सेलू तालुक्यातला शेतकरी. दवाखान्यात राहून अंगातली दारू नुकतीच उतरवलेली. घरी एकदम पिणं बंद केलं तेव्हा हात थरथरायला लागले, रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली, म्हणून भरती करावं लागलं होतं. निघताना डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली एवढंच लिहिलं : मीटिंग शोधा.

बुटीबोरीपर्यंत वाइन शॉप आणि बिअर बार. दादा बाहेर बघत नव्हता, पण कुठलं दुकान कधी येतं हे कळायला त्याला बघण्याची गरजही नव्हती. जिल्ह्याची हद्द ओलांडली की या पाट्या गायब होतात. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. वर्ध्याची टिकली, गांधी-विनोबांच्या नावाने. पाटी नाही म्हणून दारू नाही, असं मात्र इथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. पोलिसांनी मोहाचा सडवा नष्ट केल्याच्या बातम्या पेपरात नेहमीच्या, आणि नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर अशी चारही शेजारची दारं उघडी.

केळझर गेलं. सेलू आलं, दादाच्या घरचा स्टॉप. तो उतरला नाही. पवनारला धाम नदीवर समोरच्या सीटवरच्या बाईंनी विनोबांच्या आश्रमाच्या दिशेने हात जोडले, तेव्हा त्यानेही जोडले.

वर्ध्यात उतरल्यावर त्याने स्टँडबाहेरच्या पानठेल्यावर हळूच विचारलं, "दारूची मीटिंग कुठं भरते?" ठेलेवाल्याने पहिलाच शब्द तेवढा ऐकला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "कोणती पायजे?"

दादा मोठ्याने हसला. मी मात्र घाबरलो होतो.

बंदीच्या जिल्ह्यातली गोम हीच. दारू चोरून विकायची, चोरून प्यायची, मग सोडायचीही चोरूनच. 'मी पितो' असं चारचौघांत म्हणणं म्हणजे निम्मा गुन्हा कबूल करणं. छापे पडतात, बाटल्या पकडल्या जातात. पिणारा कोणाच्याच खात्यात नसतो. गांधींना हे दिसलं होतं. डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बार्डोलीला जाताना त्यांनी 'रचनात्मक कार्यक्रम' ही पुस्तिका लिहिली. तिच्यातलं दारूबंदीचं कलम नुसत्या कायद्यावर थांबत नाही. व्यसनी माणसाला सोडवण्याचे उपाय डॉक्टरांनी शोधावेत, दमलेल्या मजुराला टेकायला, स्वस्तात खायला-प्यायला, खेळायला जागा असाव्यात, असं ते सुचवतात. कायदा आला, त्या जागांचं मात्र कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

ऑटोने सेवाग्राम गाठलं. कस्तुरबा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी चिठ्ठी पाहिली, काही न विचारता खिशातून डायरी काढली आणि एक फोन नंबर दिला. फोनवरच्या माणसाने दादाचं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते इतकंच : "आज घेतली का?" नाही म्हटल्यावर, "मंग या संध्याकाळी."

जागा एका शाळेची खोली. कुठली ते लिहीत नाही, तिथली रीतच तशी आहे. सभा बंद, म्हणजे फक्त पिणाऱ्यांची. दारू सोडायची इच्छा एवढीच आत जाण्याची अट, आणि मी त्यात बसत नव्हतो. दादा आत गेला, मी पायरीवर.

पायरीवर आधीच एक ताई बसल्या होत्या. "पयल्यांदाच आणलं का?"

"हो."

"मंग निवांत बसा. पयल्या दिवशी कोणी बोलत नाई, नुसतं आयकते. आमच्या घरच्याइले गाडीवर मीच आणते. एकटे सोडलं तर रस्ता चुकतेत." त्या हसल्या नाहीत, त्यामुळे मीही हसलो नाही.

दारू सोडू पाहणाऱ्यांनी असं एकमेकांत बसून बोलायचं, ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पद्धत भारतात आली १९५७ मध्ये. तिची सुरुवातही एका परक्या गावातल्या शोधातूनच झाली. १९३५ साली अमेरिकेतला बिल विल्सन धंद्याच्या कामाला अ‍ॅक्रनला गेला होता. सौदा फिसकटला, हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज येऊ लागले, आणि तो बारऐवजी फोनकडे वळला. बोलायला दुसरा एखादा बेवडा मिळेल का, अशी चौकशी करत सुटला. मिळाले ते डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या वेगळ्या गटांना अल-अ‍ॅनॉन म्हणतात. १९५१ मध्ये ते काम उभं केलं बिलची बायको लोइस हिने. वर्ध्यात त्या संध्याकाळी तो गट म्हणजे शाळेची पायरी, त्या ताई आणि मी.

दादा बाहेर आला तो वैतागूनच. मीटिंगचा खर्च सभासद आपसात काढतात, बाहेरच्याचा पैसा घेत नाहीत. शेवटी झोळी फिरली, याने दहाची नोट टाकली, तर शेजारच्याने ती काढून पुन्हा याच्या खिशात कोंबली. नवीन माणसाकडून पहिल्या दिवशी घेत नाहीत म्हणे.

"पुढच्या वेळी टाक म्हनते," एसटीत दादा कुरकुरला. "म्हंजे या लागते ना आता!"

मग कंडक्टरला त्याने सेलूचं तिकीट मागितलं.