सहासष्ट फुटांची तार

दोन वर्षांपूर्वीच्या उत्तरायणात आमच्या अगाशीवरची अँटेना खाली आली. पतंग केवळ निमित्त झाला. तारेत अडकलेला पतंग सोडवण्यासाठी पलीकडच्या अगाशीवरील मुलांनी दोरा ओढला आणि उन्हाने कुजलेली आमची नायलॉनची दोरी तुटली. ती बदलायला हवी, हे आम्हांस चार वर्षे ठाऊक होते. तांब्याची तार निंबाच्या फांदीवरून लोंबत राहिली. ‘होळी झाली की पाहू’, असे आम्ही घरात जाहीर केले. कोणती होळी, ते सांगितले नाही.

आम्ही हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा देऊन परवाना आणि संकेतनाम मिळवायचे आणि स्वतःच्या यंत्रावरून दूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचे, असा हा छंद. आमच्या घरी तो वडिलांकडून आला. नाना तारखात्यात होते. आम्हा दोघा भावांना त्यांनी जेवणाच्या पाटावर बोटाच्या पेराने मोर्सची लिपी शिकवली. पुढे दादा नोकरीनिमित्त बेळगावी स्थायिक झाले आणि आम्ही बडोद्यास. मध्ये सातशे किलोमीटर. पण रोज सकाळी सातला चाळीस मीटरच्या पट्ट्यावर आमची गाठ पडे. जानेवारी २००१ मध्ये भुजचा भूकंप झाला, फोन लागेनासे झाले, तेव्हा बडोद्याची खुशाली दादांना कळली ती याच वाटेने. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी रेडिओवरून निरोप पोचवले, तेव्हा आमची छाती उगाच दोन इंच फुगली होती.

आणि तरीही तुटलेली अँटेना आम्ही दोन वर्षे तशीच ठेवली. फोन होता ना! दादा मधूनमधून विचारीत, ‘बाळ, तार चढवलीस का?’ आम्ही म्हणत असू, ‘चढवतो, दादा.’ त्यांचा आवाज जाड येऊ लागला, तेव्हा आम्ही विचारले. ते म्हणाले, ‘घसा बसलाय. बाकी ठीक.’ ते ‘ठीक’ आम्ही सहा महिने मानून घेतले. गेल्या दिवाळीपूर्वी डॉक्टरांना त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले.

त्यानंतर फोन मुका झाला. मोबाइलवर मजकूर येई, पण तो दादा लिहीत की चिरंजीव, हे कळत नसे. माघात एक ओळ आली, ती मात्र निःसंशय दादांची होती : ‘हात चालतो आहे. तार?’

त्याच दिवशी आम्ही अगाशीवर गेलो. सत्तरीतला माणूस पाइप चढवतो म्हटल्यावर सौभाग्यवतींनी शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मदतीस धाडले, आणि तो आला म्हणून हे काम झाले.

अँटेनेचे गणित सोपे आहे. ४६८ या आकड्याला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागावे, की अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची लांबी फुटांत मिळते. ७.१ ला सहासष्ट फूट. ही तार मध्यावर तोडायची, तेहतीस फुटांचे दोन हात करायचे आणि त्यांच्या मध्ये केबल जोडायची. हाच डायपोल. परंतु एका तारेवर एकच पट्टा नीट चालतो. दुप्पट कंप्रतेला, म्हणजे चौदाला, तीच तार मध्यावर इतका विरोध दाखवते की केबलमधून गेलेली शक्ती बरीचशी मागे परतते. यावर उपाय असा की, त्याच सांध्यावर चौदासाठी साडेसोळा फुटांचे आणि अठ्ठावीससाठी सव्वाआठ फुटांचे आणखी दोन-दोन हात बांधायचे. पंख्याच्या काड्यांसारख्या तीन जोड्या, केबल एक. यंत्र ज्या पट्ट्यावर असेल त्या पट्ट्याची जोडी प्रवाह घेते. बाकीच्या दोन जोड्या जवळजवळ अलिप्त राहतात.

जवळजवळ म्हणण्याचे कारण, एकत्र कुटुंबाप्रमाणे येथेही कुणी पुरते अलिप्त नसते. एकीची लांबी बदलली की दुसरीचा सूर हलतो. म्हणून जोड्यांची टोके एकमेकींपासून दूर ठेवावी लागतात. आम्ही पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे भोके पाडून मध्ये घातले. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणली. तांब्यावरचे लाखेचे आवरण सांध्यापुरते चाकूने खरवडून डाग दिला. केबलचे सात-आठ वेढे पाइपवर गुंडाळून सांध्याखाली बांधले, म्हणजे केबलच्या बाहेरील अंगाने प्रवाह घरात उतरत नाही. मधला सांधा पंचवीस फुटी पाइपच्या शेंड्यावर, एक बाजू कठड्याला, दुसरी निंबाला, अशी उलट्या ‘व्ही’सारखी ती उभी राहिली. प्रत्येक हात फूटभर जास्त ठेवला होता, कारण तार कापता येते, वाढवणे कठीण.

मग मीटर लावला. यंत्रातून गेलेल्या शक्तीपैकी किती मागे येते, याचा हिशेब तो सांगतो. एक हा आकडा उत्तम, तीन वाईट. सातवर सव्वा, चौदावर सव्वा, अठ्ठावीसवर त्याहून कमी! हात न कापताच सगळे पट्टे जुळले. आम्ही त्या मुलाला अनुभवाचे महत्त्व सांगितले आणि खाली जाऊन दादांना हाक घातली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऐकू येत होते तेही दुरून, रजईखालून बोलल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाने वर चढून केबल सांध्यापासून सोडवली आणि म्हणाला, ‘काका, आता मीटर बघा.’ केबलच्या टोकाला अँटेनाच नव्हती. मीटरने दोन-अडीचच्या वर चढून अगदी टोकाला जायला हवे होते. तो दीडवर शांत उभा होता. मुलाने केबलचे काळे आवरण ब्लेडने चिरले. आतली तांब्याची जाळी काळी पडून भुगा झाली होती. ‘काका, आ केबल तो सडी गयो छे.’

दोन पावसाळे उघडे टोक आभाळाकडे करून पडलेली ती केबल आम्ही काटकसर म्हणून पुन्हा वापरली होती. पाणी शिरलेली केबल शक्ती स्वतःच गिळते. जाताना गिळते, परत येताना गिळते. मीटरपर्यंत तक्रार पोचतच नाही, म्हणून मीटर म्हणतो, सर्व ठीक. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, इतरांना समजावूनही सांगितले होते. अगाशीच्या कठड्यावर ती काळी जाळी हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसलो. ‘घसा बसलाय, बाकी ठीक’, हे शब्द आठवत होते. मुलाला वाटले, काकांना केबलच्या किमतीचे वाईट वाटते आहे.

नवी केबल आली. मीटरने लगेच खरे सांगितले : सातच्या पट्ट्यावर अडीच. खालच्या टोकाला आकडा कमी आणि वरच्या टोकाला जास्त, म्हणजे तार लांब आहे. मुलाच्या मित्राकडे तळहाताएवढा ॲनालायझर होता. त्याच्या पडद्यावर दरीसारखी रेषा उमटली आणि दरीचा तळ ६.९ च्या किंचित खाली दिसला. ७.१ वर यायचे तर दोन्ही हात फूटभर आखूड करायला हवेत. न कापता टोके मागे दुमडून तारेलाच पिळून घेतली. विजेच्या दृष्टीने तेवढी लांबी कमी होते आणि चूक झाली तर परतीची वाट राहते. आधी सर्वांत लांब जोडी, मग मधली, मग आखूड, आणि पुन्हा पहिली. मधली जुळवताना पहिली थोडी हललीच. दर खेपेस दोऱ्या सैल करायच्या, टोके उतरवायची, चार बोटे दुमडायची, पुन्हा ताणायची. संध्याकाळपर्यंत सातवर १.३, चौदावर १.४, अठ्ठावीसवर १.६ आले. तीन दिवसांपूर्वीच्या आकड्यांपेक्षा हे वाईट होते, पण खरे होते. एकवीसचा पट्टा लांब जोडीच्या तिसऱ्या पटीत येतो, पण ती पट जरा वर, बावीसकडे लागते. तेवढे आम्ही सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नानांची पितळी कळ टेबलावर स्क्रूने घट्ट केली. माइक बाजूला ठेवला. दादांचे संकेतनाम दोनदा, आपले एकदा, आणि थांबलो. खरखर. पुन्हा एकदा.

तारेवर काम करणारे सांगतात की प्रत्येकाचा ‘हात’ वेगळा असतो. कुणाची रेघ लांबट, कुणाचा ठिपका घाईचा. दादा रेघेनंतर अंमळ रेंगाळतात. त्याबद्दल नाना त्यांच्या पेरावर टिचकी मारीत. खरखरीतून ती रेंगाळणारी रेघ वर आली. संकेतनाम पुरे होण्याआधीच आम्ही ओळखले. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्यांना लिपी येत नाही, पण त्या म्हणाल्या, ‘भाऊजी ना?’

रोमन अक्षरांतले मराठी हळूहळू कागदावर उतरू लागले. प्रकृती, सून, गॅलरीतले कबुतर. आम्ही लिहिले की उशीर झाला, फार उशीर झाला. पलीकडे काही क्षण फक्त खरखर होती. मग उत्तर आले : ‘कितवी होळी?’

शेवटी नेहमीप्रमाणे त्र्याहत्तर, म्हणजे तारवाल्यांचा नमस्कार. नंतर रिवाजाचे दोन सुटे ठिपके त्यांनी दिले, दोन आम्ही. नाना रात्री दिवा मालवण्याआधी आमच्या खोलीच्या दारावर असेच दोनदा वाजवीत.

कागदावर तारीख घालून तो आम्ही खणात ठेवला आहे. येत्या उत्तरायणाआधी दोऱ्या बदलायच्या, असे त्याच्या पाठीवर लिहिले आहे. या खेपेस वर्षासकट.